गिअर कुणी टाकायचा

आमच्या शोरूममध्ये वर्षाला चार-पाच स्पोर्ट्‌स कार विकल्या जातात. त्या बघायला मात्र चार-पाचशे पुरुष येतात. त्यांतले निम्मे दाराशी उभे राहून फोटो काढतात. काही जण आत बसून दार किती वजनदार आहे ते पुन्हा पुन्हा उघडून-मिटून बघतात. उरलेले माझ्या टेबलापाशी येतात आणि मला समजावून सांगतात की खरी गाडी म्हणजे मॅन्युअल, हाताने गिअर टाकायची, आत्मा असलेली. ऑटोमॅटिक ही गाडीच नव्हे, सोफ्याला लावलेली चाकं आहेत ती. मी मान हलवत ऐकते. बारा वर्षं मी इथे गाड्या विकते आहे, पण मला गाड्यांतलं काही कळत असेल अशी शंका आजवर एकाही गिऱ्हाइकाला आलेली नाही.

त्यातलेच एक डॉक्टर. मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते. दिवसभर सात-आठ माणसांना झोपवून ते संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडे यायचे आणि राहिलेलं काम आमच्यावर पुरं करायचे. वय सत्तेचाळीस, उंची सहा फूट, घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. बगलेत एक फाइल. फाइलमध्ये एक तक्ता होता आणि त्यात दोन रकाने होते, मॅन्युअलचे फायदे आणि ऑटोमॅटिकचे तोटे. मॅन्युअलचे तोटे असा रकाना नव्हता. कागद लहान पडला असावा.

"ऑटोमॅटिक शून्यापासून शंभरला चार सेकंदांत पोचते," मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. "मॅन्युअलला साडेचार लागतात."

"तो अर्धा सेकंदच तर जगायचा असतो, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य त्यांना स्वतःला सुचलं असेल असं समजून मी ते मनातल्या मनात वाखाणलंसुद्धा. पुढच्याच आठवड्यात एका बिल्डरने मला तेच वाक्य तसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा कळलं की कुठल्यातरी साइटवर ते सगळ्यांसाठी टांगून ठेवलेलं आहे.

आमच्या साहेबांची, म्हणजे शोरूमच्या मॅनेजरची, अडचण वेगळी होती. काचेजवळच्या गोल ओट्यावर एक राखाडी, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली असलेली गाडी सहा महिने उभी होती. ती ऑटोमॅटिक. मॅन्युअल हवी तर कारखान्याला कळवून आठ महिने थांबावं लागणार होतं, कारण आत्मा असलेली गाडी घेणारे जगात इतके कमी उरलेत की कारखाना वर्षातून एकदाच त्या बनवतो. त्यामुळे साहेबांना डॉक्टरांच्या तोंडून मॅन्युअल शब्द निघाला की दाढ दुखल्यासारखं व्हायचं.

चौथ्या की पाचव्या खेपेला डॉक्टरांनी मॅन्युअल चालवून बघायचा हट्ट धरला. आम्ही दुसऱ्या शाखेतून एक डेमो गाडी ट्रकवर घालून मागवली. डॉक्टर खास पातळ तळव्याचे बूट घालून आले. क्लच पायाला 'कळायला' हवा म्हणे.

शोरूममधून रस्त्याला लागायला एक छोटासा चढ आहे. इतका छोटा की तो चढ आहे हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला, गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. आमच्या वॉचमनने हात आडवे करून रस्ता थांबवून धरला होता. मागे एक शहर बस, तिच्यामागे दुधाचा टँकर, आणि सगळे भोंगे. चौथ्या खेपेला गाडी एकदम सुटली. पाऊण तासाने आम्ही परत आलो. त्या पाऊण तासाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते.

"क्लच फार वर पकडतो," उतरताना डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नाक वर केलं. "हा वास कसला?"

आत्म्याचा असावा, जळत होता. पण मी पगारी माणूस. "नवीन गाडीला येतो तो," मी म्हटलं.

नंतर बोलण्याबोलण्यात कळलं की गेली चौदा वर्षं ते ऑटोमॅटिकच चालवत होते. त्याआधी एक मॅन्युअल होती, ती सहा महिन्यांत विकली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वास अजून जायचा होता.

पुढच्या शनिवारी डॉक्टर आईला घेऊन आले. गाडी फार खाली आहे, आईला बसता-उठता येतं का ते बघायचंय, म्हणाले. काकू सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, खांदे मात्र पेटी उचलणाऱ्यासारखे. केस बारीक कापलेले. हातात काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा वस्तू दाखवायलाच जास्त वापरत होत्या. "ही माझी आई," एवढीच ओळख करून देऊन डॉक्टर साहेबांबरोबर सीटच्या कातड्याचे नमुने बघायला गेले, आणि काकू माझ्या वाट्याला आल्या.

राखाडी गाडीपाशी येऊन त्यांनी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. चारही चाकांकडे बघितलं, खाली वाकून पुढच्या काचेवरची वायपरची पाती उचलून बघितली. मग दार उघडून पाठमोऱ्या झाल्या, आधी बूड टेकलं, मग उजवा पाय आत घेतला आणि डावा दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. स्टिअरिंगमागे.

"गिअर कुठेय?" त्यांनी विचारलं.

"ही ऑटोमॅटिक आहे, काकू. हिला आत दोन क्लच असतात, म्हणून गिअर पटकन बदलतो."

"दोन?" त्यांनी पायांशी वाकून बघितलं. "आणि पेडल?"

"क्लचचं पेडल नाही."

"मग दाबतं कोण?"

"गाडीच. आपली आपण."

काकूंनी जरा विचार केला. "बरं आहे. तिला गुडघे नसणार."

तुम्ही गाडी चालवायचात का, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडी नाही, बस. एकतीस वर्षं, शहरातली. डेपोत मला डबल म्हणायचे. जुन्या बसला गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागायचा, नाहीतर गिअरबॉक्स असा किंचाळायचा की थांब्यावरची माणसं मागे सरायची. पुढे नव्या बस आल्या, एकदा दाबला तरी चालायचं. पण माझा पाय दोनदाच जायचा. मग नावच पडलं."

तेवढ्यात डॉक्टर आले. आईला स्टिअरिंगमागे बघून जरा बावरले.

"आई, ही नाही. आपल्याला हिची मॅन्युअल घ्यायची आहे."

"का रे?"

"ती चालवण्यात मजा असते."

"कसली?"

"गिअर टाकण्यातली," डॉक्टर म्हणाले. माझ्याशी बोलताना या मुद्द्यावर ते वीस मिनिटं घ्यायचे. आईसमोर तो दोन शब्दांत आटोपला.

"एकतीस वर्षं टाकले मी," काकू म्हणाल्या. "एकदा वरून एक माणूस आला होता. हातात मोजायचं यंत्र घेऊन शेजारी बसला आणि दिवसभर टिकटिक करत राहिला. एका पाळीत मी अठराशे वेळा गिअर टाकते, असं त्याने लिहून घेतलं. मजा त्याने मोजली नाही. राहून गेली असेल."

साहेब हसले. आमचे साहेब गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसतात, पण ते खोकल्यासारखं असतं. हे खरं हसू होतं. त्या क्षणापासून ते काकूंचे शिष्य झाले. "आई अगदी बरोबर बोलतात," ते म्हणाले. स्वतःच्या आईबद्दल त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

"ते वेगळं, आई. ते काम होतं," डॉक्टर म्हणाले. "ही हौस आहे."

"म्हणजे जे पगार देऊनही कोणाला नको होतं, ते तू पदरचे पैसे घालून घेणार." काकूंनी डॅशबोर्डवर बोट फिरवून धूळ आहे का बघितली. नव्हती. "चालवून तरी बघितलीस?"

"बघितली ना."

"कशी चालली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी माहितीपत्रकाकडे बघितलं. दाराशी उभ्या वॉचमनला मात्र कोणीतरी खरं बोलायची सवय लावलेली होती. "तीन वेळा बंद पडली, मावशी," तो म्हणाला. "बस अडकली होती मागे."

काकूंचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. गाडी बंद पडली याचं त्यांना काही वाटलं नसावं, पण बस अडकली होती.

"असं कर," त्या म्हणाल्या. "चढावर गाडी थांबव आणि एक बोटही मागे न घरंगळता पुढे काढून दाखव. मग तुला हवी ती घे. तोपर्यंत सही करायची नाही, छोट्या."

सहा फुटांचे छोट्या मान खाली घालून हो म्हणाले.

आता शिकायचं कशावर हा प्रश्न आला. डेमो गाडी आपल्या शाखेत परत गेली होती, नवीन क्लच बसवून घ्यायला. तेव्हा साहेबांना मागच्या आवारात उभी असलेली माझी नऊ वर्षांची हॅचबॅक आठवली. ती मॅन्युअल आहे. तिच्यात आत्मा आहे म्हणून मी घेतली नव्हती, परवडली म्हणून घेतली होती. "आमच्याकडे आहे की गाडी," साहेब म्हणाले. "रविवारी सकाळी आवार मोकळंच असतं. ग्राहकसेवा म्हणून एवढं तर आम्ही करूच." ग्राहकसेवेत काय काय बसतं याची साहेबांना उत्तम जाण आहे, विशेषतः ते दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर.

अशा तऱ्हेने पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. पुढे डॉक्टर, शेजारी काकू. मी घरी बसू शकले असते, पण क्लच माझा होता.

आमच्या मागच्या आवारातून वरच्या मजल्यावरच्या वॉशिंगकडे एक रॅम्प जातो. काकूंनी आधी तास-दीड तास सपाटीवरच घेतला.

"पाय उचलतोयस की लाथ मारतोयस?"

"उचलतोय."

"तू माणसांना भूल कशी देतोस? एकदम?"

"नाही गं. हळूहळू. मॉनिटर बघत बघत."

"मग हिलापण हळूहळू. आणि इथे मॉनिटर नाही. कान आहेत, ते वापर."

डॉक्टरांनी मधेच टॉर्क या विषयावर काहीतरी वाचलेलं सांगायचा प्रयत्न केला. काकूंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता गाडी चालू कर, बंद पडलीये."

दुसऱ्या रविवारी रॅम्प. गाडी अर्ध्यावर नेऊन थांबवायची आणि तिथून पुढे काढायची. डॉक्टर कपाळावरचा घाम पुसत होते. रुग्णालयात ज्यांच्या हातात माणसाचा श्वास असतो त्या माणसाला माझ्या हॅचबॅकने घाम फोडला, याचा मला थोडा अभिमानही वाटला. सहा-सात वेळा गाडी बंद पडल्यावर काकूंनी हात पुढे केला आणि गिअरवरच्या डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"डोळ्यांनी बघू नको. इंजिनाचा आवाज खाली बसला की ब्रेक सोड. थांब. थांब. आता."

डॉक्टरांनी ब्रेक सोडला नाही.

"पाण्याच्या टाकीजवळचा चढ," ते म्हणाले.

"काय?"

"तिथे तू तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचीस. आधी इंजिन जरा रडायचं. मग तू म्हणायचीस, छोट्या, आता. आणि माझा हात खाली, तुझा वर, असा गिअर पडायचा."

काकू समोर बघत होत्या. "तुला ते आठवतं?"

"शाळेतलं फारसं काही आठवत नाही. हे आठवतं."

"मला वाटायचं तू कंटाळतोस," काकू म्हणाल्या. "घरी कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की तुला इंजिनाच्या झाकणावर बसवून फिरवायचे. चार ते आठ. अभ्यास तिथेच. तुझ्या वह्यांना डिझेलचा वास यायचा. तुझ्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं मला."

"मला आवडायचा तो वास."

"मग एकदा रडत का आला होतास? पोरं चिडवतात म्हणून? तेव्हापासून मी तुला शेजारणीकडे ठेवायला लागले ना."

"पोरं म्हणायची की बाई बस चालवूच शकत नाही, मी थापा मारतो. म्हणून रडलो." डॉक्टरांनी नाक ओढलं. "तू मला शेजारणीकडे ठेवलंस आणि मग मला दाखवताच आलं नाही कोणाला."

मी मागच्या सीटवर बसून खिडकीच्या काचेवरचा एक डाग निरखत होते. चार वर्षं मी तो डाग पुसायचा म्हणते आहे. बरं झालं नव्हता पुसला, दुसरीकडे बघायला काहीच नव्हतं.

काकू म्हणाल्या, "हे त्या दिवशी शोरूममध्ये का नाही सांगितलंस? मजा मजा काय करत बसलास?"

"साहेबांसमोर?" डॉक्टर म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या. आणि मग, "गाडी मागे चाललीये."

खरंच चालली होती, बोलण्याच्या नादात डॉक्टरांचा पाय ब्रेकवरून सुटला होता. मागे पाण्याच्या पाइपची गुंडाळी होती, तिच्यावर जाऊन आम्ही टेकलो. मागच्या बंपरवर एक ओरखडा आला. साहेबांनी तो नंतर बघितला आणि म्हणाले, "तसाही जुनाच बंपर आहे."

तिसऱ्या रविवारी डॉक्टर फाइल आणायची विसरले. गाडी रॅम्पच्या मध्यापर्यंत जायला लागली होती, पण वळणावर, जिथे चढ सगळ्यात तीव्र आहे, तिथे हमखास कच खायची. काकूंची सहनशक्ती संपली.

"ऊठ. बाजूला हो."

त्यांनी सीट पुढे ओढली, काठी माझ्याकडे मागे दिली आणि गाडी काढली. मी ती गाडी नऊ वर्षं चालवते आहे. ती अशी चालते हे मला माहीत नव्हतं. वळणावर त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक न लावता क्लचवर तशीच तोलून धरली आणि एका हाताने चष्मा सारखा केला. ना पुढे, ना मागे. मग आवाज न करता ती वर गेली. त्यांनी ती खाली आणली आणि पुन्हा नेली. मग तिसऱ्यांदा नेली. तिसऱ्यांदा कोणाला शिकवायला नेली ते मला कळलं नाही, कारण डॉक्टरांकडे त्या बघतही नव्हत्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. आमच्या शोरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आम्ही गाड्या नाही, आनंद विकतो. बारा वर्षांत मी आनंद पहिल्यांदा बघितला तो तिथे, आणि तोही जुन्या, फुकट वापरलेल्या गाडीत.

गाडी खाली आणून त्यांनी ती बंद केली. दार उघडलं. उतरल्या नाहीत.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. बसते जरा."

पाच मिनिटं झाली तरी त्या बसूनच. डॉक्टर उतरून त्यांच्या बाजूला गेले, खाली गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आईचा डावा गुडघा दोन्ही हातांत घेतला. तो सुजून आखडला होता. त्यांनी तो हळूच थोडा हलवून बघितला तेव्हा काकूंनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हा कधीपासून असा अडकतो?"

"तू कॉलेजात होतास तेव्हापासून."

"पंचवीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू भूल दिली असतीस," काकू म्हणाल्या. "मला सकाळी साडेपाचची बस काढायची असायची."

डॉक्टरांनी आईला एका हाताने खांद्याखाली, एका हाताने गुडघ्यांखाली धरून उचललं आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवलं. काकू वाटेत काठी मागत होत्या, आणि म्हणत होत्या की त्या वॉचमनसमोर तरी खाली ठेव. वॉचमनने सभ्यपणे आकाशाकडे बघितलं.

चौथ्या रविवारी काकू आल्या नाहीत. गुडघ्याला पट्टा बांधून घरी बसवलं होतं. डॉक्टर एकटे आले. शेजारी मी बसले. त्यांनी रॅम्पवर गाडी घेतली, वळणावर थांबवली, कान देऊन ऐकलं आणि एक बोटही मागे न जाता गाडी वर काढली. पुन्हा एकदा करून दाखवा म्हटलं, पुन्हा केलं. वॉशिंगच्या मजल्यावर नेऊन त्यांनी गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

"जमलं," मी म्हटलं. "उद्या कागद तयार ठेवते. मॅन्युअल, आठ महिने."

"ऑटोमॅटिक द्या," डॉक्टर म्हणाले. "ती राखाडीच द्या. उभी आहे ना?"

मी बारा वर्षं या धंद्यात आहे. गिऱ्हाईक हो म्हणालं की पुढे एक शब्द बोलायचा नसतो. तरी मी विचारलं, "एवढं शिकल्यावर?"

"मागच्या रविवारी आईचं तोंड बघितलंत तुम्ही?"

"बघितलं."

"मला वाटत होतं मला गिअर टाकायचाय. मला तो नव्हता टाकायचा, तिने टाकलेला बघायचा होता." त्यांनी काचेवर साचलेलं पाणी वायपरने पुसलं. "तो आता तिला टाकता येणार नाही. नवा गुडघा बसवला तरी अठराशे वेळा नाही. पण गाडी तर चालवता येईल. तिचा डावा पाय मोकळा राहील अशी द्या."

मग म्हणाले, "आणि तुमच्या बंपरचं मी बघतो."

सोमवारी सह्या झाल्या. साहेबांनी सगळ्या स्टाफला कॉफी पाजली आणि गिऱ्हाइकाचं मन कसं वळवावं यावर दहा मिनिटं बोलले. मुख्य मुद्दा असा की तो अर्धा सेकंद गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगितला पाहिजे, तो त्यांनी सांगितला, आणि डॉक्टरांना पटला. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या.

काकूंची शस्त्रक्रिया झाली. भूल डॉक्टरांनी दिली नाही. घरच्या माणसाला देत नाहीत, म्हणाले. तेव्हा दुसऱ्याने दिली आणि हे दाराबाहेर तीन तास उभे राहिले. अडीच महिन्यांनी काकू राखाडी गाडी न्यायला आल्या. काठी नव्हती. बाहेर पडताना त्या चढावर त्यांनी गाडी थांबवली, समोरून येणाऱ्या बसला आधी जाऊ दिलं, ड्रायव्हरला हात केला आणि रस्त्याला लागल्या. शेजारी डॉक्टर बसले होते, गुडघे हनुवटीला टेकवून. सहा फुटांच्या माणसाने त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसू नये, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला काकू एकट्याच आल्या. गाडी चार हजार किलोमीटर फिरली होती. त्यांतले सहाशे छोट्याचे, म्हणाल्या, आणि तेही पेट्रोल भरायला म्हणून. सर्व्हिसवाल्याने कार्ड पुढे ओढलं.

"काही तक्रार?"

"डाव्या हाताला काम नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तो आपला जातो, आणि तिथे टाकायला काही नसतं. मग मांडीवर ठेवावा लागतो. लिही."

त्याने लिहिलं. संध्याकाळी ते कार्ड माझ्या टेबलावर आलं. 'ग्राहकाची तक्रार: डाव्या हाताला काम नाही. तपासणी: दोष आढळला नाही.' खाली सर्व्हिसवाल्याची सही आणि शिक्का.

"मग मॅन्युअल घ्यायला हवी होती का, काकू?" दुपारी मी त्यांना विचारलं होतं.

"काय डोकं फिरलंय का तुझं?" त्या म्हणाल्या. गाडीला अजून दोन तास लागणार होते. त्यांनी आमच्या यंत्रातली कॉफी अर्धी पिऊन ठेवली, पर्स उचलली आणि निघाल्या. बसने घरी जाते, छोट्या संध्याकाळी येऊन गाडी घेऊन येईल, म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या आणि त्याला टाकी भरून आणायला सांग म्हणाल्या, कारण उद्या सकाळी त्यांना लवकर निघायचं होतं.